पालवणकर बाळू : कीर्तिदालनाबाहेरचा गोलंदाज

थोर खेळाडूंची नावे एका मानाच्या यादीत कायमची कोरून ठेवण्याची प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. इंग्रजीत अशा यादीला हॉल ऑफ फेम म्हणतात. आपण तिला कीर्तिदालन म्हणू. फुटबॉलमध्ये अशी दालने अनेक देशांत आहेत. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनेही 2009 मध्ये आपले दालन उघडले. दरवर्षी त्यात नवी नावे जातात आणि दरवर्षी तोच वाद होतो. आत गेलेल्यांबद्दल कोणाची फारशी तक्रार नसते. बाहेर राहिलेल्यांचे काय, हा खरा प्रश्न असतो.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानावर नाव कमावलेला फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा याने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 मध्ये. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही आणि 1980 मध्ये तो वारला. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला 2000 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. परंतु या दोघांच्याही आधी, आपल्या देशात खेळांना नुकते कोठे रूप येत होते तेव्हा, एक माणूस होऊन गेला. त्याच्या चरित्रात हा सारा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. तो माणूस म्हणजे पालवणकर बाळू.

या अंकात मराठी आणि कन्नड हे दोन्ही विभाग शेजारी शेजारी नांदतात, म्हणून बाळूंच्या जन्मस्थानाचा उल्लेख प्रथम करणे योग्य होईल. त्यांचा जन्म 19 मार्च 1876 रोजी धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. त्यावरून पालवणकर हे आडनाव. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या समाजव्यवस्थेत अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्या निमित्ताने कुटुंब पुण्यास आले आणि बाळू व त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत व विठ्ठल हे लष्करी वस्तीच्या आसपास वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू हीच या मुलांची पहिली साधने. पुढे चौघेही भाऊ नामांकित खेळाडू झाले. एकाच घरातून, आणि तेही अशा परिस्थितीतील घरातून, चार क्रिकेटपटू निघावेत ही गोष्ट आजही नवलाची वाटते.

शाळा लवकर सुटली. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकायचा, हे काम. पगार महिना तीन रुपये. तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले. तेथे पगार चार रुपये. जाळी बांधणे, खेळपट्टी तयार करणे, टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेषा आखणे ही कामे त्यांच्याकडे होती. याच क्लबमध्ये त्यांच्यातील गोलंदाज आकाराला आला. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा पोऱ्या साहेबांना सरावासाठी फार उपयोगी पडू लागला. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा हिंदुस्थानातील सर्वांत नाणावलेला इंग्रज फलंदाज. तो इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी एकदा बाद केले की तो आठ आणे देई, असे सांगतात. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ग्रेगच्या फलंदाजीला धार आली ती बाळूंच्या चेंडूंवर आणि बाळूंच्या चेंडूंना धार आली ती ग्रेगच्या बॅटवर, एवढे मात्र मानायला हरकत नाही.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पूना क्लबच्या जाळीत बाळूंनी वर्षानुवर्षे हजारो चेंडू टाकले, पण बॅट त्यांच्या हाती कोणी कधी दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची आणि गोलंदाजी ही नोकरांची, अशी ती विभागणी होती. बाळू गोलंदाज म्हणून थोर झाले आणि फलंदाज म्हणून सामान्य राहिले, यामागे त्यांचा कल किती आणि ही विभागणी किती, हे सांगणे आज अवघड आहे. आकड्यांच्या तक्त्यात मात्र ही विभागणी कोठेही दिसत नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबला युरोपियनांना आव्हान द्यायचे होते. त्यासाठी गोलंदाज हवा होता आणि उत्तम गोलंदाज तर अस्पृश्य होता. पुण्यातील सनातनी मंडळींसमोर मोठाच पेच पडला. वाद झाले, आणि शेवटी जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली. पण ती केवळ मैदानाच्या रेषेपर्यंत. मैदानात बाळूंनी हाताळलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलत. चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवायचे वेगळे बसून. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते त्यांच्याच जातीच्या नोकराने आणून द्यायचे. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याने बाळूंच्या फिरकीचा धसका घेऊन खेळपट्टी दिवसच्या दिवस रोलर फिरवून टणक केली होती. तरी त्यांनी तेथे सात बळी घेतले. त्या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी जाहीर समारंभात त्यांचा सत्कार केला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर जेवण्यास हरकत का असावी, हा सरळ प्रश्न त्या काळी पुण्यात विचारला गेला. गंमत अशी की हा प्रश्न कोणा पंडिताच्या ग्रंथातून आला नाही. तो बाळूंच्या डाव्या हातातून आला.

1896 मध्ये प्लेग आला आणि पुढे बाळू पुणे सोडून मुंबईस गेले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यास काही सभासदांनी विरोध केला, पण कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरून त्यांना संघात घेतले. पोटासाठी त्यांनी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया हे त्या रेल्वेचे पूर्ण नाव. मुंबईहून सुरतेवरून बडोद्याकडे जाणारा तिचा मार्ग आज पश्चिम रेल्वे म्हणून ओळखला जातो. पांडेसऱ्यातील डाईंगच्या गिरण्यांत कामाला आलेली आपली असंख्य मराठी कुटुंबे सुरत स्टेशनवर उतरली. ज्या कंपनीने ही मुंबई-सुरत लाईन चालवली त्या कंपनीचा एक नोकर हिंदुस्थानातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज होता, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 आणि 102 धावांत आटोपले. हिंदू 109 धावांनी जिंकले. बंगालच्या फाळणीमुळे स्वदेशीची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद शहरभर साजरा झाला. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता आणि त्यांचे बंधू शिवरामही संघात होते. सुधारकी वृत्तपत्रांनी या सामन्याचा वेगळाच अर्थ लावला. हिंदूंचा संघ जिंकला तो जातीचा अडसर थोडा बाजूला सारल्यामुळे, हा धडा केवळ क्रिकेटपुरता नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

1911 मध्ये अखिल हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग. तो राज्यारोहणाच्या समारंभाचा उन्हाळा होता आणि महाराजांना मेजवान्यांतून सवड कमीच मिळाली. संघाचा भार बाळूंच्या खांद्यावर पडला आणि तो खांदाही दुखरा होता. त्यांचे वय तेव्हा 35 होते. संघ 23 सामने खेळला. सहा जिंकला आणि पंधरा हरला. अशा हरणाऱ्या संघातून बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी सुमारे 19. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी आठ बळी घेतले. लीस्टरशायर या काऊंटी संघाला हिंदुस्थानने हरवले त्या सामन्यात त्यांचे अकरा बळी होते. ओली खेळपट्टी, परकी हवा, क्षेत्ररक्षणात सुटणारे झेल आणि दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या गोलंदाजाची वानवा, हे सारे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. इंग्रज जाणकारांनी त्यांची तुलना विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली. ऱ्होड्सचे नाव आज आंतरराष्ट्रीय कीर्तिदालनात आहे.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सभेतील मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे नाव जोडले जाते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या काळी दलित समाजात बाळूंइतका नाव झालेला दुसरा माणूस नव्हता. त्यांच्या यशात त्या तरुणाने आपल्या समाजाच्या सामर्थ्याचा पुरावा पाहिला असावा.

आता या चरित्रातील सर्वांत कटू प्रकरणाकडे वळू. संघातील सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनी स्वतःच एका समारंभात हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे मोकळेपणाने सांगितले. एवढे होऊनही निवड समितीचे मन बदलले नाही. 1920 च्या चौरंगी स्पर्धेत तर बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यात कर्णधारपद रिकामे होते. ज्येष्ठतेने आणि गुणाने शिवराम व विठ्ठल यांचा विचार व्हायला हवा होता. पण निवड झाली ती दि. ब. देवधरांची. देवधर उत्तम फलंदाज होते यात शंका नाही. प्रश्न डावलण्याचा होता. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे झालेला अपमान आपण सहन करणार नाही हे उघडपणे सांगितले. वृत्तपत्रांतून वाद पेटला. तो काळ गांधीजींच्या असहकाराचा आणि अस्पृश्यतेविरुद्धच्या आवाहनाचा होता, त्यामुळे लोकमत भावांच्या बाजूने झुकले. अखेरच्या सामन्यासाठी भाऊ परत आले. बाळूंना उपकर्णधार नेमले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चव्वेचाळीस वर्षांच्या, कारकिर्दीच्या अखेरीस आलेल्या माणसाला त्याच्या हक्काचे एवढेच मिळाले.

पुढे 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठलरावांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. थोरल्या भावाने ज्या दारावर आयुष्यभर थाप दिली ते दार धाकट्यासाठी उघडले. हे समाधान लहान नाही. पण ते थोरल्याच्या उपेक्षेची भरपाई होऊ शकत नाही.

मैदान सोडल्यावर बाळू राजकारणात आले. येथेच त्यांची आणि आंबेडकरांची वाट वेगळी झाली. बाळू गांधीजींना मानणारे होते. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. 1932 च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. 1937 मध्ये मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. ज्या तरुणाने एकेकाळी त्यांचा गौरव केला होता त्याच्याच विरुद्ध त्यांना उभे राहावे लागले, ही त्यांच्या आयुष्यातील विलक्षण घटना. माझ्या मते त्यांच्या विस्मृतीचे एक कारण येथे सापडते. सवर्णांनी लिहिलेल्या क्रिकेटच्या इतिहासात त्यांना कोपरा मिळाला आणि दलित चळवळीच्या इतिहासात ते विरुद्ध बाजूचे ठरले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे झाले.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21, ही त्यांची नोंदलेली शिल्लक.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पालवणकर बाळूंचे नाव आंतरराष्ट्रीय कीर्तिदालनात असावे काय? आज ते तेथे नाही. याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप निकषांचा. अशा दालनात प्रवेश मिळतो तो बहुतांशी आंतरराष्ट्रीय सामन्यांतील कामगिरीवर, आणि बाळू एकही कसोटी खेळले नाहीत. हे खरे आहे. पण भारताची पहिली कसोटी 1932 मध्ये लॉर्ड्सवर झाली, तेव्हा बाळू छप्पन वर्षांचे होते. जी परीक्षाच घेतली गेली नाही तिच्यात नापास ठरवण्यासारखे हे आहे. 1911 चा इंग्लंड दौरा हीच त्यांच्या पिढीची कसोटी होती आणि तिच्यात ते उतरले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अन्याय झाला म्हणून कोणी थोर खेळाडू ठरत नाही. सहानुभूती ही पात्रता नव्हे. हेही मान्य. किंबहुना बाळूंच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे सर्वांआधी मान्य करावे. त्यांची जात विसरून केवळ बळी मोजले तरी त्यांचा दावा उभा राहतो. जात आठवायची ती त्यांना गुण वाढवून देण्यासाठी नव्हे. कर्णधारपदाचा रकाना रिकामा का आणि फलंदाजीचा रकाना एवढा लहान का, हे समजण्यासाठी ती आठवायची. तक्ता खोटे बोलत नाही. पण कोणाला खेळू दिले आणि कोणाला नाही हे तो सांगत नाही.

तिसरा आक्षेप असा की इतक्या जुन्या काळच्या खेळाचा दर्जा आज कसा ठरवावा? पण ऱ्होड्स आणि बार्न्स हे बाळूंचे समकालीन आहेत आणि त्यांचा दर्जा ठरवताना कोणाला अडचण आली नाही. जुनेपणा सर्वांना सारखाच लावला पाहिजे.

म्हणून माझे मत असे की हे नाव दालनात जावे, आणि ते उपकार म्हणून नव्हे तर हिशेब पुरा करण्यासाठी जावे. हीच कसोटी नेव्हिल डिसोझासारख्या फुटबॉलपटूंनाही लावावी. खेळाडूने काय केले ते पाहावे, आणि पुरस्काराची खिडकी त्याच्या काळी उघडी होती की नाही तेही पाहावे. ज्याने काही केले नाही त्याला केवळ जुना म्हणून आत घेऊ नये. ज्याने केले त्याला केवळ खिडकी बंद होती म्हणून बाहेर ठेवू नये.

मरून गेलेल्या माणसाला मानसन्मानाचा काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याला नाही, आपल्याला आहे. आपल्या कॉलेजातही संघ निवडले जातात, कर्णधार नेमले जातात, वर्षअखेरीस ढाली वाटल्या जातात. त्या फळ्यावर नावे लिहिताना आपण कोणाला केवळ सवयीने वगळत आहो, हे एकदा पाहावे. बाळूंना मातीच्या भांड्यातून चहा देणारे लोक दुष्ट नव्हते. ते रीतीप्रमाणे वागत होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. बाळूंचे नाव विसरू नये एवढी काळजी मात्र आपण घेऊ शकतो.